तलाव वाचवायचा तर काठ वाचवा: रानमांजराला धरून गावची पाणथळ कशी राखावी

गावच्या तलावाचं काम निघालं की आपल्याकडे ठरलेल्या दोन गोष्टी होतात. जेसीबी लावून गाळ उपसतात आणि काठाला दगडी पिचिंग करून वरून फिरायला ट्रॅक बांधतात. फोटो छान येतो. पण पाऊस झाल्यावर तिथे जाऊन बघा. पाणी भरलेलं असतं, पण पाणकोंबड्या गेलेल्या असतात, बेडकांचा आवाज येत नाही आणि सकाळी चिखलात एक ठसा दिसत नाही, कारण ठसा उमटायला चिखलच ठेवलेला नसतो. पाणथळीचा जीव काठात असतो. लव्हाळ्याची दाटी, पाणकणसाची बेटं, उन्हाळ्यात उघडी पडणारी ओली पट्टी आणि तिला लागून असलेला उसाचा किंवा भाताचा बांध, एवढ्याच जागेत सगळा कारभार चालतो.

हा काठ वाचवायचा तर लोकांपुढे कोणाला तरी उभं करावं लागतं. 'जैवविविधता' म्हटलं की ग्रामसभेत माणसं घड्याळ बघायला लागतात. 'आपल्या तलावाच्या लव्हाळ्यात रानमांजर राहतं, हा बघा फोटो' म्हटलं की मान वर होते. बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात हे काम कसं करायचं, ते पायरीपायरीने लिहितो आहे.

हे बंगालमध्ये आणि ओडिशात झालेलं आहे

तिथे पुढे केलं ते मासेमार मांजर. रानमांजराहून वेगळं, पाणथळीवर जगणारं. घरच्या मांजराच्या दुपटीहून मोठं, आखूड शेपटीचं, अंगावर दोन थरांचे दाट केस. खालचा थर इतका घट्ट की पाणी कातडीपर्यंत पोचत नाही. पायाच्या बोटांमध्ये थोडा पडदा असतो. काठावर दबा धरून बसतं, पंजाने मासा उडवतं, वेळ आली तर सरळ सूर मारतं. जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेच्या लाल यादीत ते 'असुरक्षित' आहे आणि आपल्या 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत. दलदली भरून घरं, कारखाने, मासळीचे तलाव झाले, तसं ते हटत गेलं.

पश्चिम बंगालने 2012 मध्ये त्याला राज्यप्राणी केलं. पण खरं काम झालं ते हावडा जिल्ह्यातल्या गावांत. तिथे हे मांजर अभयारण्यात राहत नाही, लोकांच्या मालकीच्या वेताच्या-बोरूच्या रानात राहतं. त्यामुळे कुंपण घालून ते वाचणारच नव्हतं. कार्यकर्त्यांनी लोकांच्याच परसात स्वयंचलित कॅमेरे लावले आणि ते सांभाळायला त्यांच्याकडेच दिले. रात्री आपल्या परसात कोण येऊन जातं हे घरातल्या माणसांनी स्वतः बघितलं. ओडिशात चिल्का सरोवराने 2020 मध्ये याच मांजराला आपला दूत ठरवलं आणि 2022 च्या गणनेत तिथे 176 मांजरं असल्याचा अंदाज निघाला. ही सगळी अभयारण्याच्या हद्दीबाहेरची.

हे मांजर आपल्याकडे नाही. चिकोडी-अथणीतून जाणारी आपली कृष्णा आंध्रात समुद्राला मिळते, तिथल्या खारफुटीत ते आहे. आपल्या वाट्याला जे आलंय ते रानमांजर. त्याला काही भागात बाऊल म्हणतात. लांब पाय, करड्या-पिवळट अंगावर ठिपके नाहीत, कानाच्या टोकाला थोडे काळे केस, शेपटी आखूड, तिच्यावर काळी वलयं आणि टोक काळं. जगाच्या यादीत ते धोक्यात नाही, आणि तसं सांगूही नये. खोटी भीती घातली की पुढच्या खऱ्या गोष्टीवर कोणी विश्वास ठेवत नाही. पण लव्हाळं, गवताळ काठ आणि उसाचा फड हीच त्याची घरं असल्यामुळे काठाचा साक्षीदार म्हणून त्याच्याइतकं योग्य दुसरं कोणी नाही. त्याच्याबरोबर कधी वाघाटीही दिसते. ती ठिपक्यांची, जगातल्या सर्वांत लहान मांजरांपैकी एक आणि लाल यादीत धोक्याच्या उंबरठ्यावर असलेली.

पहिली पायरी: तलाव कोणाचा, ते कागदावर बघा

मांजराच्या मागे लागण्याआधी उताऱ्याच्या मागे लागा. सर्व्हे नंबर काढून पहाणीचा, म्हणजे सातबाऱ्यासारखा, उतारा घ्या. तो कन्नडमध्ये येतो, वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराला शेजारी बसवा. 'केरे' म्हणजे तलाव, 'हळ्ळ' म्हणजे नाला, 'गोमाळ' म्हणजे गायरान. 'बी-खराब' अशी नोंद असेल तर खूण करून ठेवा: ती जमीन सार्वजनिक वापरासाठी राखलेली असते, त्यामुळे कोणी तिथे भराव टाकत असेल तर तुमची बाजू पहिल्या दिवसापासून भक्कम. मोबाईलवर 'दिशांक' ॲपमध्ये तुम्ही उभे आहात तिथला सर्व्हे नंबर दिसतो. तलावाला एक फेरी मारा आणि पाण्याची सध्याची कड कागदावरच्या हद्दीपासून किती आत सरकली आहे, ते टिपून ठेवा.

मग मालक खातं शोधा. 40 हेक्टरपर्यंत ओलित असलेला तलाव पंचायत व्यवस्थेकडे असतो, 40 ते 2000 हेक्टरचा लघु पाटबंधारे खात्याकडे. मासेमारीचा ठेका कोणाकडे आहे तेही विचारा. चुकीच्या खात्याला अर्ज गेला की तो महिनोन्महिने या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो.

दुसरी पायरी: चिखल वाचायला शिका

सगळ्यात चांगला काळ डिसेंबर ते मे. पाणी मागे सरकतं आणि काठाला ओल्या, मऊ मातीची पट्टी उघडी पडते. उजाडताच जा. ऊन तिरकं असतं तेव्हा ठशात सावली पडते आणि कडा स्पष्ट दिसतात. नऊनंतर तोच ठसा सपाट दिसतो, आणि तोवर गुरंही पाण्यावर येऊन गेलेली असतात.

मांजराच्या ठशात चार बोटं असतात आणि सहसा नखं उमटत नाहीत. मागच्या गादीची कड नीट बघा, तिला तीन फुगवटे दिसतात. कुत्र्याच्या, कोल्ह्याच्या ठशात बोटांपुढे नखांची टोकं दिसतात. रानमांजराचा ठसा साधारण 5 सेंटिमीटर, घरच्या मांजराचा त्याहून लहान. खिशात काडेपेटी ठेवा, तिची लांबी आधी पट्टीने मोजून ठेवा आणि ठशाशेजारी ठेवून बरोबर वरून फोटो काढा. तिरका फोटो कोणालाच दाखवता येत नाही. पाच बोटं दिसली तर ते मांजर नव्हे. मुंगूस, उदमांजर किंवा पाणमांजर असेल.

पाणमांजराचं नाव मुद्दाम घेतलं. मासेमारी करणारे काका 'पाण्यातलं मांजर बघितलं' म्हणाले तर बहुतेक वेळा ते पाणमांजराबद्दल, म्हणजे हुदाळ्याबद्दल बोलत असतात. ते मांजरकुळातलं नाही. पण कृष्णा खोऱ्यात ते आहे, आणि त्याची मऊ केसांची जात लाल यादीत 'असुरक्षित' आहे. दगडावर माशांच्या खवल्यांनी भरलेली, उग्र वासाची विष्ठा दिसली तर फोटो काढा. त्या तलावाची बाजू एकदम जड होते.

तिसरी पायरी: कॅमेरा, पण रीतीने

स्वयंचलित कॅमेरा मिळाला तर उत्तम. कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागाकडे किंवा वन्यजीव संस्थांकडे असतो. खासगी बांधावर लावायचा तर मालकाची संमती घ्या आणि वनक्षेत्रपालांना लेखी कळवा. वनजमिनीत किंवा भीमगड अभयारण्याच्या हद्दीत, तसंच गोकाकजवळच्या घटप्रभा पक्षी अभयारण्यात परवानगीशिवाय कॅमेरा लावायचा नाही. गुडघ्याच्या थोडं खाली, पायवाटेशी तिरका लावा. मांस टाकून मांजराला बोलावू नका, त्याने कुत्री येतात. फोटो आला की तो आधी बांधाच्या मालकाला, त्याच्या घरच्यांना दाखवा. हावड्याचं सगळं यश या एका सवयीत आहे. समाजमाध्यमावर टाकणार असाल तर गावाचं नाव चालेल, नेमकी जागा नको. फासे लावणारेही मोबाईल वापरतात.

चौथी पायरी: ऊसतोड

इथे जास्त वेळ द्या. आपल्या भागात रानमांजराची पिल्लं सर्वांत जास्त सापडतात ती उसाच्या फडात. ऐन तोडीच्या हंगामात, हिवाळ्या-उन्हाळ्यात, मादी पाचटात पिल्लं घालते. तलावाकाठचे फड तिला सर्वांत सोयीचे, कारण प्यायला पाणी आणि खायला उंदीर दोन्ही जवळ. फड अर्धा होतो, कोयत्याच्या टोकाशी दोन-तीन पिल्लं दिसतात, कोणीतरी 'बिबट्याची पिल्लं' म्हणून ओरडतं, व्हिडिओ निघतो, आणि संध्याकाळपर्यंत ती पिल्लं कुणाच्या तरी घरी खोक्यात बसून गाईचं दूध पीत असतात. तिथून बहुतेक पिल्लं परत जात नाहीत. गाईच्या दुधाने हगवण लागते आणि आईची वेळ टळून जाते.

म्हणून हंगाम सुरू होण्याआधीच मुकादमाला भेटा. टोळी बीडची असो, विजापूरची असो, माणसं समजूतदार असतात. त्यांना घाई असते, कारण त्यांचा पगार टनावर असतो. म्हणून भाषण देऊ नका. एवढंच सांगा: 'मामा, पिल्लू दिसलं तर हात लावू नका. तेवढ्या चार सऱ्या सोडा, दुसरीकडून तोडा, आणि मला फोन करा. सोडलेला ऊस उद्या सकाळी तोडू, वजन कुठे जात नाही.' शेतमालकाशीही आधीच बोलून ठेवा, नाहीतर मुकादम बिचारा मधल्यामध्ये सापडतो.

पिल्लं कोणी उचललीच असतील तर अंधार पडण्याआधी ती अगदी त्याच जागी ठेवा. हात लागला म्हणून आई टाकून देते ही समजूत खरी नाही, पण माणसांची आणि कुत्र्यांची गर्दी असेल तर ती येत नाही. भाजीचं प्लास्टिकचं क्रेट आडवं ठेवून, आत थोडं पाचट टाकून पिल्लं ठेवा आणि सगळ्यांना लांब घेऊन जा. आई बहुधा रात्रीच येऊन एकेक उचलून नेते. दूध पाजू नका, आंघोळ घालू नका, फ्लॅश मारू नका. कर्नाटक वनखात्याच्या 1926 या नंबरवर फोन करा. पिल्लं जखमी असतील तर पुढचा निर्णय त्यांचा आणि पशुवैद्यांचा.

बिबट्याची शंका असेल तर वेगळा नियम. बिबट्याच्या पिल्लाचं अंग ठिपक्यांनी गच्च भरलेलं असतं, पंजे जाड, शेपटी लांब. रानमांजराच्या पिल्लावर फिकट पट्टे-ठिपके असू शकतात, पण ते पुसट, आणि बांधा सडपातळ. नक्की कळत नसेल तर ओळखत बसू नका. सगळी माणसं फडाबाहेर काढा आणि वनखात्याला बोलवा. बिबट्याची मादी जवळ असेल तर ती हल्ला करू शकते.

आणखी एक विनंती: फड पेटवून तोडणं टाळा. पेटवायचाच असेल तर चारही बाजूंनी एकदम आग लावू नका. तलावाकडची बाजू मोकळी सोडा, म्हणजे जनावरांना निघायला वाट राहते.

पाचवी पायरी: उंदीर, विष आणि कुत्री

शेतकऱ्याला रानमांजर पटतं ते उंदरामुळे. राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पातल्या अभ्यासात एक रानमांजर दिवसाला 3 ते 5 लहान उंदीर मारतं असा अंदाज निघाला. येळ्ळूर-शहापूरच्या बासमतीच्या शिवारात किंवा निपाणीच्या उसात हा आकडा सांगा, पुढचा हिशेब शेतकरी स्वतः करतो. कोंबडी नेण्याची तक्रार येईल, आणि ती खरी असते. त्यावर उपाय म्हणजे खुराडं जमिनीपासून उचललेलं, बारीक जाळीचं, रात्री कडी लावलेलं. ही जाळी गावाने मिळून घेतली तर रात्रीचे फासे आपोआप कमी होतात.

ब्रोमाडिओलोनसारखं विष तलावाकाठी वापरू नका. विष खाल्लेला उंदीर खाऊन मांजर आणि घुबड दोघंही मरतात. त्यापेक्षा शेतात टी आकाराचे काठीचे खांब उभे करा, घुबडांना बसायला जागा होते. आणि कुत्री. तलावाकाठी पोल्ट्रीचा आणि मटणाचा कचरा पडतो तिथे कुत्र्यांच्या टोळ्या जमतात. त्या पिल्लांना जगू देत नाहीत आणि रोगही पसरवतात. कचरा हटवणं हे इथे थेट मांजर वाचवण्याचं काम आहे.

सहावी पायरी: काठाचं काम कसं करून घ्यायचं

गाळ काढायला विरोध करू नका. गाळ भरलेला तलाव कोणाच्याच कामाचा नाही, आणि तो गाळ शेतात हवा असतो. आग्रह धरायचा तो पद्धतीचा.

एका वर्षी सगळा तलाव खरवडू देऊ नका. मधला भाग खोल करा आणि काठाचा निदान एक तृतीयांश हिस्सा हात न लावता सोडा. तो हिस्सा शक्यतो नाला जिथे आत येतो त्या बाजूचा असावा, कारण येणारं गढूळ पाणी तिथलं लव्हाळं गाळून घेतं. पुढच्या वर्षी दुसरी बाजू घ्या. खोदताना काठाचा उतार सौम्य ठेवा. सरळ भिंतीसारखा कापला तर गुरंही उतरू शकत नाहीत, मांजरं तर दूरच. काम एप्रिल-मेमध्ये आटपा. पावसाळ्यात जांभळ्या पाणकोंबड्या लव्हाळ्यात घरटी करतात, तेव्हा तिथे कोयता घालू नका.

काय काढायचं तेही स्पष्ट सांगा, नाहीतर 'साफसफाई' म्हणून पाणकणीस आधी जातं. जलपर्णी आणि बेशरमीची झुडपं काढायची, मुळासकट. लव्हाळं आणि पाणकणीस ठेवायचं. फार माजलं तर पट्टे पाडून, एक आड एक कापायचं. बेळगावजवळच्या बळ्ळारी नाल्याच्या काठावर पावसाळ्यात पाणी तुंबून भात कुजतो, तिथल्या शेतकऱ्याला नाला मोकळा हवा असतो, आणि त्याची मागणी रास्त आहे. पण नाल्याचं पात्र मोकळं करणं वेगळं आणि दोन्ही काठ सिमेंटने बांधणं वेगळं. पात्रातली जलपर्णी आणि गाळ काढला तर पाणी वाहतं, काठावरची झुडपं माती धरून ठेवतात.

ट्रॅक हवाच असेल तर एका बाजूला, पाण्यापासून लांब, मातीचा, आणि रात्री दिव्यांशिवाय. उरलेल्या तीन बाजू अंधाऱ्या राहू द्या.

सातवी पायरी: अर्ज, ठराव आणि कायदा

2017 च्या पाणथळ संवर्धन नियमांनुसार अधिसूचित पाणथळीत भराव, अतिक्रमण, कचरा टाकणं आणि गेल्या 10 वर्षांच्या सरासरी उच्च पूररेषेपासून 50 मीटरच्या आत कायमचं बांधकाम यांना मनाई आहे. पण एक अडचण आहे: सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले तलाव या नियमांच्या व्याख्येतून वगळले आहेत. आपल्याकडचे बरेचसे तलाव नेमके त्यातच बसतात, आणि कार्यालयात तेच उत्तर ऐकायला मिळतं. त्यासाठी दुसरं पान तयार ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये उपग्रह नकाशावर नोंदलेल्या, 2.25 हेक्टरहून मोठ्या 2,01,503 पाणथळ जागांना या संरक्षणाची तत्त्वं लागू करायला सांगितलं. 2.25 हेक्टर म्हणजे साधारण साडेपाच एकर. तुमचा तलाव त्याहून मोठा असेल तर त्या यादीत आहे का, हे माहितीच्या अधिकारात विचारा. 10 रुपयांचं शुल्क, 30 दिवसांत उत्तर, आणि नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील.

अर्ज कन्नडमध्ये द्या. मराठीत मुद्दे लिहून काढा, कन्नड चांगलं येणाऱ्या शिक्षकांकडून तो नीट करून घ्या आणि मराठी प्रत गावात वाचायला ठेवा. ज्याच्या टेबलावर तो पडणार त्याला तो एका वाचनात कळला पाहिजे, हीच कसोटी. अर्जात मागणी एकच ठेवा: तलावाची मोजणी करून हद्दीचे दगड रोवावेत. हद्द कायम झाली की पुढचे निम्मे वाद संपतात. प्रत पीडीओ (पंचायत विकास अधिकारी), तहसीलदार आणि जिल्हाधिकारी तिघांनाही द्या आणि पोच घ्या.

त्याचबरोबर ग्रामसभेत ठराव करा. 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. बऱ्याच ठिकाणी ती कागदावरच असते, तेव्हा सदस्य कोण आहेत ते विचारून त्यांना तलावावर घेऊन जा. लोकजैवविविधता नोंदवहीत रानमांजर, पाणमांजर, पक्षी, लव्हाळं अशी तलावाची नोंद फोटोसकट घालून घ्या. पुढे कोणी भराव टाकायला आलं तर 'इथे काही नव्हतंच' असं म्हणता येत नाही.

आठवी पायरी: नोंदवही

एक साधी शंभर पानी वही पुरे. तारीख, पाण्याची कड कुठवर आली, ठसे, पक्षी, कोणी काय टाकलं, कोणता ट्रॅक्टर माती घेऊन गेला. महिन्यातून एकदा तलावाच्या त्याच चार कोपऱ्यांतून त्याच दिशेने चार फोटो. वही शाळेकडे दिली तर चालू राहते, माध्यमिकची पोरं हे फार मनापासून करतात. शिक्षकांना 2 फेब्रुवारीचा जागतिक पाणथळ दिवस सांगा, त्या दिवशी वर्षभराच्या नोंदी पंचायतीत वाचून दाखवता येतात. वाचून झाल्यावर वहीची एक झेरॉक्स पीडीओंच्या सहीने पंचायतीच्या दप्तरी लावा, एक वनक्षेत्रपालांना द्या, आणि नवीन वर्षाची वही त्याच दिवशी सुरू करा.